बेम्बे मुखवटे

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या दक्षिण किवू प्रांतात, टांगानिका सरोवराच्या वायव्येस, मुख्यतः फिझी परिसरात राहणाऱ्या बेम्बे लोकांचे विधिमुखवटे. जवळजवळ याच नावाचे दुसरे लोक काँगो प्रजासत्ताकात मुयोंझीच्या पठारावर राहतात. धडावर व्रणरेषा कोरलेल्या लहान पूर्वजमूर्ती त्यांच्या. त्यांचा येथे संबंध नाही. संग्रहालयाच्या सूचीत केवळ ‘बेम्बे’ असे लिहिलेले आढळल्यास आधी प्रदेश तपासावा.

भाषा आणि ब्वामी ही दीक्षासंस्था यांवरून बेम्बे हे काँगोतीलच लेगा लोकांची शाखा मानले जातात. सरोवराकडील स्थलांतर बहुधा टप्प्याटप्प्याने झाले. बेम्बेंच्या नावे नोंदलेल्या पूर्वजमूर्ती मुळात कोणी घडविल्या, हे मात्र वादग्रस्त आहे. काहींनी त्या बोयो लोकांच्या ठरविल्या. १९५०च्या सुमारास तेथे क्षेत्रकार्य केलेले मानववंशशास्त्रज्ञ दानिएल बीबाउक यांनी त्यांतील बऱ्याच मूर्ती बेम्बेंपूर्वीच्या शिकारी गटांच्या, विशेषतः बासिकासिंगोंच्या, ठरविल्या. घराण्यांच्या माहितीवर आधारलेले हे मत केवळ शैलीवरून केलेल्या वर्गीकरणापेक्षा अधिक ग्राह्य वाटते.

सर्वांत परिचित मुखवटा आलुंगा या पुरुषमंडळाचा. एकाच ओंडक्यातून पोकळ कोरलेला हा घंटाकृती शिरस्त्राण-मुखवटा पूर्ण डोके झाकतो. पुढे व मागे एकेक चेहरा असतो. डोळ्यांच्या जागी मोठ्या खोलगट खाचा कोरून त्यांत पांढरी माती भरतात; मधोमध उठावाचा गडद क्रूस वा तारा राखतात. माथ्यावरील नळीत पिसे व साळिंदराचे काटे खोवतात, खालच्या कडेला तंतूंची दाट झालर बांधतात. त्यामुळे नर्तकाची ओळख लपते. संग्रहालयांत पोहोचेपर्यंत पिसे व झालर बहुधा गळून गेलेली असतात. उरलेली बोडकी नळी हीच मूळ रचना समजणे ही नेहमीची चूक आहे. मुखवट्याचे वास्तव्य गावाबाहेर गुप्त ठिकाणी असे. शिकार, पूर्वजपूजा व सामाजिक शिस्त यांच्याशी या मंडळाचा संबंध होता.

एलांडा मंडळाचा मुखवटा लाकडाचा नसून चामड्याचा वा कापडाचा असतो. त्यावर मणी व कवड्या शिवतात. एलुबा हे सपाट फळीचे मुखवटे ब्वामीच्या सुंताविधीशी निगडित आहेत. पुरुषांना ब्वामीत प्रवेशासाठी सुंता आवश्यक असे; पुढील श्रेणी देणग्या व दीक्षा यांनी मिळत. बेल्जियन प्रशासनाने १९४८ मध्ये ब्वामीवर बंदी घातली.