गॉथिक : दहा खड्यांचा हप्ता आणि पाव शतकाचा लळा

2024च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या एसेन शहरातला पिरान्हा बाइट्स हा गेम स्टुडिओ बंद झाला. माणसं तीसेक. धंद्याच्या हिशेबात ही बातमी किरकोळच होती, कारण त्याच काळात जगभर गेम बनवणाऱ्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. तरी जर्मनी, पोलंड आणि रशियातल्या चाळिशीकडे झुकलेल्या पुष्कळ माणसांना आपल्या जुन्या वाड्याला कुलूप लागल्यासारखं वाटलं. या स्टुडिओने जगातला सर्वांत मोठा गेम कधी बनवला नाही, सर्वांत गुळगुळीत तर मुळीच नाही. त्यांचा ‘गॉथिक’ पहिल्यांदा खेळणारा अर्धा तास कीबोर्डला शिव्या घालतो. मग एवढा जीव कशावर जडला?

सुरुवात रूर खोऱ्यात होते. 1997 साली ग्रीनवूड नावाच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या काही जणांनी बोखुममध्ये पिरान्हा बाइट्स सुरू केलं; पुढे मुक्काम शेजारच्या एसेनला हलला. हा सगळा पट्टा कोळशाचा. बोखुममध्ये खाणकामाचं मोठं संग्रहालय आहे. एसेनची त्सोलफराइन ही प्रचंड खाण 1986मध्ये बंद पडली आणि 2001मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली. पहिला ‘गॉथिक’ त्याच वर्षी, मार्चमध्ये, जर्मनीत विक्रीला आला. योगायोग म्हणा, पण या गेमच्या जगात मध्यभागी राजवाडा नाही की जादूचं अरण्य नाही. आहे ती खाण. आणि माणसं बोलतात तीही पाळी संपवून बाहेर आलेल्या खाणकामगारासारखी: तोडून, उगाच साखर न घालता.

कथा थोडक्यात अशी. राजा रोबार दुसरा ऑर्क नावाच्या राक्षसी टोळ्यांशी युद्धात हरत चाललाय. हत्यारांसाठी त्याला जादुई खनिज हवं, म्हणून भाकरी चोरणाऱ्यापासून खुन्यापर्यंत सगळे कैदी खोरिनिसच्या खाणीत पाठवले जातात. कुणी पळू नये म्हणून बारा जादूगार खाणीभोवती अदृश्य भिंत उभारायला घेतात. मंत्र हाताबाहेर जातो, भिंत सगळं खोरं गिळते आणि खुद्द जादूगारही आत अडकतात. त्या गोंधळात कैदी पहारेकऱ्यांना मारून खाण ताब्यात घेतात. आता राजालाच खनिजासाठी त्यांच्याशी सौदा करावा लागतो. आत तीन छावण्या झाल्यात: राजाशी व्यापार करणारी जुनी, भिंत उडवून द्यायच्या तयारीतली नवी, आणि दलदलीत चिलीम ओढत झोपलेल्या देवाची वाट बघणारी तिसरी.

अशा ठिकाणी आपण वरून ढकलले जातो. पाण्यात पडतो, बाहेर येताच पहिला ठोसा बसतो. दिएगो नावाचा माणूस सोडवतो, स्वतःचं नाव सांगतो. नायक आपलं नाव सांगायला तोंड उघडतो, तर दिएगो त्याला मध्येच तोडतो: तू कोण आहेस यात मला रस नाही. झालं, नायकाला नाव कधीच मिळालं नाही. पुढच्या दोन गेममध्येही नाही. चाहते त्याला ‘बिननावाचा’ म्हणतात, आणि म्हणतात ते कौतुकाने.

त्या काळच्या बहुतेक रोल-प्लेइंग, म्हणजे एका पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या, गेममध्ये खेळाडू जन्मतःच कुणीतरी असायचा, भविष्यवाणीतला वगैरे. इथे जुन्या छावणीत पाय ठेवला की गार्ड हप्ता मागतो, दहा खडे खनिज. संरक्षणासाठी, असं म्हणतो. नाही दिले तर त्याची माणसं तुम्हाला बघून घेतात. मड नावाचा एक कैदी पाठीमागे लागतो आणि बडबड करून जीव नकोसा करतो. पोलिश भाषांतरात त्याचं नाव ठेवलंय गळू! आज पोलंडमध्ये त्याच्यावर इतके विनोद आहेत की ज्यांनी गेम पाहिलाही नाही, त्यांनाही तो ठाऊक असतो.

पण खरी गंमत बारीकसारीक गोष्टींत आहे. तलवार चालवायला शिकला नसाल तर नायक एका हाताची तलवार दोन्ही हातांनी धरतो, लाकूड फोडायला निघाल्यासारखी. शिकवणारा माणूस शोधून, त्याला पैसे देऊन शिकलात की हात सुटतो, पवित्रा बदलतो. आकडा वाढलेला कोपऱ्यात दिसण्याआधी तो अंगात दिसतो. नकाशा हवा असेल तर विकत घ्या. तुम्ही कुठे आहात हे दाखवणारा बाण वगैरे चैन नाही. रस्ता सोडून जंगलात गेलात तर लांडगे फाडतात, आणि तुम्ही नवखे आहात म्हणून ते काही दुबळे होत नाहीत. दहा तासांनी त्याच लांडग्यांना दोन घावांत लोळवता तेव्हा होणारा आनंद कुठल्याही पदकापेक्षा मोठा, कारण तो पहिल्या फजितीच्या उधारीवर मिळालेला असतो.

आणि माणसं. ती रात्री झोपतात, सकाळी तोंड धुतात, शेकोटीभोवती गप्पा मारतात, भट्टीवर काम करतात. कुणाच्या झोपडीत घुसलात तर आधी दरडावतात, मग मारतात. हत्यार उपसून फिरलात तर म्यान करायला सांगतात. भांडणात हरलात तरी सहसा जीव घेत नाहीत. बेशुद्ध पाडतात, खिसा रिकामा करतात, तलवार उचलतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. तुम्ही उठून कपडे झटकायचे. 2001च्या मानाने हे भन्नाटच होतं. या जगाला तुमच्याबद्दल मत होतं, आणि ते फारसं बरं नव्हतं.

दोष? भरपूर. माउस जवळजवळ निरुपयोगी. खोका उघडायलाही कंट्रोलचं बटण दाबून धरून वर बाणाची कळ दाबायची. शेवटची प्रकरणं घाईत उरकल्यासारखी, हे चाहतेही कबूल करतात. अमेरिकेत तो त्याच वर्षाच्या शेवटी पोचला आणि फारसा कुणी विचारला नाही. तिथले समीक्षक त्या कीबोर्डशी झगडण्यातच दमले असावेत.

पोलंडची गोष्ट वेगळी झाली. तिथे तो 2002मध्ये सीडी प्रोयेक्टने आणला. ही तीच कंपनी जिने पुढे विचरचे गेम बनवून नाव कमावलं. त्या वेळी तिचा धंदा होता परदेशी गेम पोलिशमध्ये आणून विकण्याचा. 1999मध्ये ‘बाल्डर्स गेट’ तिने नामवंत नटांच्या आवाजात काढला होता. बाजारात चोरीच्या सीड्या ढिगाने मिळत असताना लोकांनी पैसे टाकून मूळ खोका का घ्यावा, याला तिचं एक उत्तर होतं: आपल्या भाषेत, आपल्या माणसांच्या आवाजात, नीट. ‘गॉथिक’लाही तीच वागणूक मिळाली. यातला शब्दन्‌शब्द आवाजात असतो, म्हणजे भाषांतरही शब्दन्‌शब्द बोललं गेलं. बिननावाच्या नायकाला यात्सेक मिकोवाय्चाक यांचा खर्जातला, किंचित कंटाळलेला आवाज मिळाला आणि पोलिश पोरांच्या एका पिढीसाठी नायक म्हणजे तोच आवाज होऊन बसला. डबिंगचं महत्त्व आपल्याकडे अजूनही अनेकांना पटत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

2002च्या अखेरीस ‘गॉथिक 2’ आला, 2003मध्ये ‘नाइट ऑफ द रेव्हन’ ही भर. दुसऱ्या भागाने केलेली एक गोष्ट चाहते आजही काढतात. भिंत आता पडलेली आहे, आपण बाहेरच्या गावात धडपडतोय आणि मध्येच पुन्हा त्या जुन्या खोऱ्यात जावं लागतं. ज्या छावणीत हप्ता दिला, तिला ऑर्कांनी वेढलंय, अर्ध्या झोपड्या राख झाल्यात. जुने सोबती, दिएगो, गोर्न, मिल्टेन, लेस्टर, एकेक करून भेटतात. गोर्न तर कोठडीत. आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी गेल्यावर आटलेली विहीर दिसावी तसं होतं. रेव्हनने वर सगळंच अवघड केलं, कौशल्यं महाग, शत्रू टणक. चाहत्यांनी त्याचाही अभिमान बाळगला.

दरम्यान स्टुडिओची स्वतःची ओढाताण चालू होती. पिरान्हा बाइट्स ज्या फेनोमेडिया कंपनीच्या पंखाखाली गेलं होतं, तिचं 2002मध्ये दिवाळं निघालं; मंडळींनी स्वतःला सोडवून घेऊन नव्याने मांडामांड केली. मग ऑक्टोबर 2006मध्ये ‘गॉथिक 3’ आला, आणि कच्चाच आला. जग अफाट आणि देखणं, पण खेळ मध्येच कोसळायचा, आणि रानडुकराने एकदा गाठलं की ते सलग धडका देत राहायचं. हात उचलायच्या आत नायक आडवा. ड्रॅगन मारून आलेल्या माणसाला डुकराने मारावं, यावर हसावं की रडावं ते कळेना. ऑस्ट्रियातल्या जोवूड या प्रकाशकाशी पिरान्हाचे संबंध 2007मध्ये तुटले. गेमचं नाव वापरायचा हक्क जोवूडकडे राहिला. बाप जिवंत, पण पोराचा ताबा दुसऱ्याकडे, अशी अवस्था.

इथून चाहत्यांचं प्रेम नुसतं प्रेम राहिलं नाही, त्याला हातपाय फुटले. बनवणारे गेले, दुरुस्त कोण करणार? खेळणाऱ्यांनीच गट करून ‘गॉथिक 3’चे दोष काढायला घेतले. रात्री जागून, फुकट, वर्षानुवर्षं. 2012च्या 1.75 या दुरुस्ती-पॅचपर्यंत हे काम चाललं. आज हा गेम जो चांगला म्हणून आठवला जातो, तो बऱ्याच अंशी त्यांनी पुन्हा उभा केलेला आहे.

जोवूडने मात्र नाव विकत राहायचं ठरवलं, आणि इथे गोष्ट अनपेक्षितपणे आपल्या दारात येते. 2008मध्ये आलेला ‘फॉरसेकन गॉड्स’ हा जोडभाग मुंबईच्या ट्राइन गेम्सने बनवला. युरोपात ज्या मालिकेवर लोक जीव टाकत होते, तिचा एक तुकडा मुंबईत घडला हे आपल्याकडच्या गेमर मंडळींनाही फारसं माहीत नसतं. अभिमानाने सांगावं असा तो नाही. समीक्षकांनी आणि चाहत्यांनी त्याची सालटी काढली. पण मूळ माणसांनाही न आवरलेलं इंजिन, म्हणजे गेम चालवणारी आतली यंत्रणा, ती माणसं निघून गेल्यावर दुसऱ्याच देशातल्या स्टुडिओच्या हाती दिलं तर आणखी काय होणार होतं? चाहत्यांच्या रागाचा मोठा वाटा जोवूडकडे जायला हवा होता असं मला वाटतं. 2010मध्ये स्पेलबाउंड या दुसऱ्या जर्मन स्टुडिओकडून ‘आर्केनिया’ हा चौथा भाग बनवून घेतला गेला. दिसायला छान, पण आखून दिलेल्या रस्त्याने चालवणारा. अनेक चाहते तो मालिकेत धरतच नाहीत. 2011मध्ये जोवूडही बुडाली.

पिरान्हाने 2009मध्ये ‘रायझन’ काढला. नाव निराळं, बेट निराळं, पण पहिल्याच गावात कुणीतरी डाफरतं आणि पोटात ओळखीची कळ येते. त्याचे तीन भाग झाले, मग ‘एलेक्स’चे दोन, 2017 आणि 2022मध्ये. समीक्षक दर वेळी तेच लिहायचे: हालचाली ओबडधोबड, लढाई अवघडलेली. चाहते दर वेळी तेच म्हणायचे: हो ना, आपलेच आहेत. मला तर वाटतं, या मंडळींनी एकदा गुळगुळीत गेम काढला असता तर लोकांना संशय आला असता.

चाहत्यांच्या हातून घडलेली सर्वांत मोठी गोष्ट डिसेंबर 2021मध्ये आली. ‘क्रॉनिकल्स ऑफ मिर्ताना: आर्कोलोस’ म्हणायला मॉड, म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये फेरफार करून केलेली आवृत्ती, ‘गॉथिक 2’च्या जुन्या इंजिनावर बसवलेला. प्रत्यक्षात साठेक तासांचा स्वतंत्र गेम: नवं बेट, नवं शहर, मार्विन आणि योर्न या दोन निर्वासित भावांची कथा, पूर्ण पोलिश आवाज, स्वतःचं संगीत. फुकट. पोलिश हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून केलेला. वीस वर्षांपूर्वी ज्या पोरांकडून गार्डने दहा खडे उकळले, तीच आता नव्या पोरांकडून उकळायला बसली होती. मॉड बनवायची हत्यारं पिरान्हाने फार पूर्वीच लोकांच्या हाती दिली होती. त्या जुन्या उदारपणाचं हे व्याज.

2019मध्ये पिरान्हा बाइट्स टीएचक्यू नॉर्डिक या प्रकाशकाने, म्हणजे एम्ब्रेसर समूहाने, विकत घेतलं. मालिकेचे हक्कही तिथेच पोचले. पोर आणि बाप एका छपराखाली आले, पण त्याच डिसेंबरमध्ये पहिल्या भागाच्या रीमेकचा नमुना लोकांसमोर ठेवला तो बार्सिलोनाच्या चमूने. 1 लाख 80 हजारांवर लोकांनी तो खेळून पाहिला, मत देणाऱ्यांपैकी सुमारे 95 टक्क्यांनी पूर्ण रीमेक हवा म्हणून सांगितलं आणि सोबत तक्रारींचा ढीग ओतला: रंग फार भडक, नायक फार बोलतो, आमचा बिननावाचा इतका बडबड्या नाही. बार्सिलोनात त्यासाठी अल्किमिया हा स्टुडिओ उभा राहिला, नमुना बाजूला ठेवून काम नव्याने सुरू झालं आणि संगीतासाठी मूळ संगीतकार काय रोझेनक्रान्त्स यांना परत बोलावलं.

एसेनची मंडळी मात्र त्या पंगतीला बसली नाहीत. 2023मध्ये एम्ब्रेसरचा सुमारे दोन अब्ज डॉलरचा सौदा फिसकटला आणि काटछाट सुरू झाली. 2024च्या जानेवारीत पिरान्हाने जाहीरपणे सांगितलं की आम्हाला अजून मोडीत काढू नका. सहा महिने गेले नाहीत तोच दिवे मालवले.

ब्योर्न आणि जेनी पान्क्राट्स हे तिथलं जुनं जोडपं. त्यांनी लगेच छोटा स्टुडिओ थाटला आणि नाव ठेवलं पिटहेड, म्हणजे खाणीचं तोंड. त्यांनी जाहीर केलेल्या पहिल्या गेममध्ये, ‘क्रॅलॉन’मध्ये, नायक पुन्हा जमिनीच्या पोटात उतरतो.