यान्सी, जिमी

यान्सी, जिमी : (१८९४ किंवा १८९८ – १७ सप्टेंबर १९५१). ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारातील अमेरिकन पियानोवादक. पूर्ण नाव जेम्स एडवर्ड्स यान्सी. बूगी-वूगी या पियानोशैलीच्या शिकागोतील आद्य वादकांत त्याची गणना होते. मीड लक्स लुइस आणि ॲल्बर्ट ॲमन्स हे त्याच्या मागून आलेले वादक. त्या दोघांची नावे सर्वतोमुखी झाली, तेव्हाही यान्सीचा चरितार्थ बेसबॉलच्या मैदानावरील नोकरीवरच चालत होता.

तो शिकागोत जन्मला याविषयी दुमत नाही, वर्षाविषयी आहे. संदर्भग्रंथांत १८९४ आणि १८९८ ही वर्षे वारंवार येतात, क्वचित त्याहून अलीकडचेही. पहिल्या महायुद्धापूर्वी तो नर्तक म्हणून युरोपचा दौरा करून परतला होता आणि १९१५ च्या सुमारास शिकागोत कायमचा स्थिरावला. लहान वयातच तो रंगमंचावर आला होता हे ध्यानात घेता १८९८ हे वर्ष अशक्य ठरत नाही. तरी एकूण क्रम पाहता १८९४ हे वर्ष अधिक पटते. वडील व्होडव्हिल या रंजनप्रकारात गात आणि गिटार वाजवत. मुलगाही तेथेच गाऊ-नाचू लागला. १९१३ मध्ये लंडनला त्याने पाचव्या जॉर्ज राजासमोर नृत्य केले असे बहुतेक चरित्रनोंदींत आढळते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पियानो तो बव्हंशी स्वतःच शिकला. भाऊ अलोन्झो हाही पियानोवादक होता, पण त्याचा ओढा रॅगटाइम या जॅझपूर्व पियानोशैलीकडे होता. तरुणपणी जिमी कृष्णवर्णीयांच्या संघातून बेसबॉलही खेळला.

शिकागोच्या दक्षिण भागात त्या काळी भाडे थकले की घरीच मेजवानी ठरे. येणारा थोडे पैसे देई, त्यातून भाड्याची रक्कम उभी राही आणि पियानोवादकाला खाणेपिणे मिळे. यान्सीचे नाव झाले ते अशा घरांतून. १९२५ पासून सुमारे पंचवीस वर्षे तो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या कोमिस्की पार्क मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होता.

यान्सीचे वेगळेपण त्याच्या डाव्या हातात आहे. पेटी वाजवताना डावा हात भात्यात गुंतलेला असतो; पियानोत तो खर्जाचे स्वर सांभाळतो आणि बूगी-वूगीत तर सगळी चाल त्याच्याच हाती असते. रूढ बूगी-वूगीत हा हात एका मापात, म्हणजे चार मात्रांत, आठ ठोके न थांबता देत राहतो. यान्सीच्या अनेक रचनांत तो थांबतो. त्याचे ठोके ३+३+२ अशा विभागणीच्या जवळ जातात, मध्ये मोकळी जागा सुटते आणि त्या जागेत उजव्या हाताचे मोजके स्वर पडतात. ही लय हबानेरा या क्यूबन नृत्यप्रकाराशी जुळते. ती यान्सीपर्यंत कोठून आली याबद्दल दोन मते संभवतात. पहिल्यानुसार ती न्यू ऑर्लिन्सकडून उत्तरेला आलेल्या वादकांबरोबर आली. तेथील जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टन हा तिला स्पॅनिश छटा म्हणत असे. दुसऱ्यानुसार ती नृत्यगृहांतून आली. १९१३–१४ च्या सुमारास अमेरिकेत टँगो या नृत्याचे वेड पसरले होते आणि संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी याने १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सेंट लुइस ब्लूज’मध्येही हीच लय योजली. यान्सी त्या वर्षांत व्यवसायाने नर्तक होता. ही लय त्याच्या हातात येण्याआधी पायांत असणे अगदी स्वाभाविक होते. त्यामुळे दुसऱ्या मताला जितके महत्त्व मिळते त्याहून अधिक मिळायला हवे.

त्याची आणखी एक लकब म्हणजे रचना कोणत्याही पट्टीत असली, तरी शेवट ई फ्लॅटमध्ये करणे. पेटीवाल्यांच्या भाषेत ही काळी दोन. पांढरी एकच्या षड्जावर अख्खी चीज गाऊन शेवटचा सा काळी दोनवर ठेवावा, तसा हा प्रकार. ध्वनिमुद्रणांत तो इतक्या सातत्याने आढळतो की त्याला चूक म्हणता येत नाही. वादकाची सही म्हणणेच रास्त.

मीड लक्स लुइसने १९३६ मध्ये ‘यान्सी स्पेशल’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. शीर्षकातच ऋणाचा उल्लेख आहे. पुढे तिच्या हक्कांवरून वाद निघाला. सॉनी टॉम्पसनच्या ‘लाँग गॉन’ या खपाच्या तबकडीत तोच खर्ज (डाव्या हाताची खालच्या स्वरांची चाल) वापरला आहे, अशी ‘यान्सी स्पेशल’च्या प्रकाशकांची तक्रार होती. शिकागोच्या संघराज्य न्यायालयाने १९५० मध्ये ती फेटाळली. स्वामित्वाची नोंदणी होण्यापूर्वीच तबकड्या विकल्या गेल्याने रचना प्रकाशित झाली आणि म्हणून तिच्यावरील हक्क उरला नाही, असे न्यायालयाने धरले. शिवाय हा खर्ज कायद्याचे संरक्षण मिळण्याइतका मोठा नाही, साध्या स्वरसंघाची यांत्रिक मांडणी आहे, असे मत दिले. पहिल्या मुद्द्याची चर्चा अमेरिकन कायद्यात पुढे बरीच झाली. दुसरा मुद्दा संगीताच्या अभ्यासकाला मान्य होणे कठीण आहे. कागदावर हा खर्ज चार-सहा स्वरांचाच दिसतो. त्याचे मोल ठोका कधी द्यायचा आणि कधी राखून ठेवायचा यात आहे, आणि ते स्वरलिपीत उतरत नाही.

डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील मैफलीत लुइस, ॲमन्स आणि पीट जॉन्सन यांनी बूगी-वूगी सादर केली आणि या शैलीची लाट उसळली. त्या लाटेत कंपन्यांचे लक्ष यान्सीकडे गेले. पहिली तबकडी निघाली तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. सोलो आर्ट या छोट्या कंपनीसाठी १९३९ मध्ये त्याने ‘द फाइव्ह्ज’ वाजवले. त्याच वर्षी व्हिक्टर कंपनीसाठी ‘स्टेट स्ट्रीट स्पेशल’ आणि ‘यान्सी स्टॉम्प’ झाले. ‘यान्सी स्टॉम्प’ वेगवान आहे, पण यान्सीची खरी प्रकृती विलंबितात दिसते. १९४० मधील काही तबकड्यांवर तो स्वतः गायलाही आहे. सेशन या कंपनीसाठी १९४३ मध्ये केलेले ‘ॲट द विंडो’ हे त्याचे सर्वांत अंतर्मुख वादन म्हणावे लागेल. त्याच सुमाराच्या ध्वनिमुद्रणांत त्याची पत्नी एस्टेल ऊर्फ मामा यान्सी हिचा आवाज ऐकू येतो. ती शिकवलेल्या गळ्याने गात नाही, बोलल्यासारखी गाते, आणि तो तिला जागा देत साथ करतो. दोघांनी १९४८ मध्ये कार्नेगी हॉलमध्येही कार्यक्रम केला.

अटलांटिक कंपनीसाठीचे शेवटचे ध्वनिमुद्रण जुलै १९५१ मध्ये झाले. साथीला एस्टेल आणि डबलबासवर इझ्रेल क्रॉस्बी होता. त्यानंतर दोन महिन्यांनी शिकागो येथे मधुमेहातून उद्भवलेल्या पक्षाघाताने त्याचे निधन झाले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६ मध्ये, म्हणजे पहिल्याच वर्षी, आद्य प्रभावकांच्या गटात ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनच्या जोडीने त्याचा समावेश केला. एस्टेल पतीनंतरही इतर पियानोवादकांबरोबर गात राहिली. तिचे निधनही १९८६ मध्येच झाले.