व्हेपमधला वॅटचा आकडा आला कुठून?

वॅट कमी-जास्त करता येणाऱ्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, पडद्यावर ५ पासून २०० पर्यंत हवा तो आकडा लावता येतो. आतल्या कॉइलवर, म्हणजे द्रव तापवून वाफ करणाऱ्या तारेच्या भागावर, मात्र ‘०.४ ओहम, ५० ते ६० वॅट’ असा आखूड पट्टा बारीक अक्षरांत कोरलेला असतो (ओहम हे विजेला होणारा रोध मोजायचं एकक). यंत्र इतकं सैल आणि कॉइल इतकी काटेकोर का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

चीनमधल्या होन लिक या औषधशास्त्रज्ञाने २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचं मूळ रूप तयार केलं. त्याची पहिली कल्पना निकोटिनच्या द्रवाचे कण श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) कंपनांनी उडवण्याची होती. बाजार पुढे तापणाऱ्या तारेवर स्थिरावला. सिगारेटसारख्या दिसणाऱ्या त्या सुरुवातीच्या नळ्यांमध्ये निवडण्यासारखं काहीच नव्हतं. लिथियम बॅटरी थेट कॉइलला जोडलेली, झुरका ओढला की तार तापायची. पण शक्ती स्थिर मुळीच नव्हती. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते, संपत आलेली ३.३ च्या आसपास. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. तेव्हा २.४ ओहमच्या कॉइलला सुरुवातीला सुमारे ७.३ वॅट मिळायचे आणि शेवटी साडेचार. बॅटरी उतरेल तसा झुरका पाणचट होत जायचा, त्याचं कारण एवढंच.

हौशी मंडळींना हे रुचलं नाही. २००८ च्या सुमारास कोणी टॉर्चच्या नळकांड्यात मोठा सेल बसवला, कोणी दोन सेल एकामागे एक जोडून व्होल्टेज वाढवलं. ‘मॉड’ म्हणतात ते या खटपटीतून आलं. मग सर्किट घालून व्होल्टेज हवं तिथे धरून ठेवणारी यंत्रं निघाली. बॅटरी उतरली तरी झुरका तसाच राहू लागला. पण कॉइल बदलली की गणित कोलमडायचं. ४.२ व्होल्टवर ३ ओहमच्या कॉइलला सुमारे ६ वॅट मिळतात, दीड ओहमच्या कॉइलला जवळजवळ १२. काल गोड लागलेला आकडा आज तारेला द्रव पुरवणारी वात करपवायचा, आणि लोक ओहम-व्होल्टचे तक्ते छापून जवळ बाळगायचे.

तक्त्यांची ही गरज २०११ च्या सुमारास संपली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या इव्हॉल्व्ह कंपनीच्या ‘डार्विन’ने वॅट निवडायची सोय दिली. यंत्र कॉइलचा रोध स्वतः मोजतं आणि लागेल तेवढं व्होल्टेज पुरवतं; माणसाने फक्त शक्ती सांगायची. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली हीच सर्वांत हुशार कल्पना, आणि पुढच्या घोळाचं मूळही तीच. वॅट म्हणजे दर सेकंदाला तारेत जाणारी ऊर्जा. तार किती तापेल हे त्यावर एकट्यावर ठरत नाही. तारेचं वस्तुमान, पृष्ठभाग, वातीला किती वेगाने द्रव मिळतो आणि झुरक्याबरोबर किती हवा येते, हे सगळं त्यात येतं. एकाच आचेवर लहान पळी आणि मोठं पातेलं सारखं तापत नाही. बारीक, एकेरी तारेच्या कॉइलला १२ वॅट पुरतात. जाळीच्या रुंद कॉइलला तेवढ्यात धड वाफही सुटत नाही. कॉइलवरचा पट्टा येतो तो इथून.

२०१३-१४ मध्ये एक ओहमखालच्या कॉइलींची लाट आली आणि आकडे सुसाट सुटले. २० वॅट ‘भरपूर’ वाटायचे ते दिवस सरले. यंत्रं १००, मग २०० वॅटची झाली. दाट वाफेची हौस होतीच, पण द्रवही बदलला होता. द्रवाच्या दोन मुख्य घटकांपैकी प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, व्हेजिटेबल ग्लिसरीन २९० ला. ग्लिसरीन वाढलं की द्रव घट्ट होतो, वातीत हळू चढतो आणि जास्त उष्णता मागतो. सर्किट नसलेल्या, निव्वळ यांत्रिक मॉडमध्ये हीच हौस धोक्याची ठरली: ०.२ ओहमची कॉइल भरलेल्या सेलमधून २१ अँपिअर खेचते, आणि तेवढा प्रवाह सोसणारे सेल मोजकेच. स्फोट झाले, माणसं भाजली, काही दगावलीही.

जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचं एक पत्र आलं. ३.३ व्होल्टवर त्यांना वाफेत फॉर्माल्डिहाइड हे घातक रसायन सोडणारी संयुगं सापडली नव्हती, ५ व्होल्टवर मात्र भरपूर. बातम्या जगभर गेल्या. या पत्रावर टीका करणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या कॉइलवर ५ व्होल्ट म्हणजे कोरडी वात जाळणं. तो करपट झुरका कोणी ओढणारच नाही. आक्षेपात तथ्य होतं, पण मूळ मुद्दा उरतोच: द्रव पुरेसा पोचत नसताना शक्ती वाढवली की ग्लायकॉल आणि ग्लिसरीन फुटून नको ती रसायनं तयार होतात, आणि हे घडायला सुरुवात होते ती जिभेला करपट लागल्यावरच, असं गृहीत धरता येत नाही.

मग सरळ तापमानच का मोजू नये? इव्हॉल्व्हच्याच डीएनए ४० चिपने २०१४ मध्ये ते करून दाखवलं. नेहमीची कॅन्थल तार, म्हणजे लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, इथे कुचकामी, कारण तापली तरी तिचा रोध जवळपास तोच राहतो. शुद्ध निकेलचा रोध २०० अंशांच्या वाढीत दुपटीहून जास्त होतो. रोध वाचून चिप तापमान ओळखते आणि वात कोरडी पडताच शक्ती आवरते. पुढे टायटेनियम आणि स्टेनलेस स्टीलची भर पडली. तत्त्व म्हणून हे वॅटपेक्षा कितीतरी सरस. तरी ते फार पसरलं नाही: धातू निवडा, कॉइल पूर्ण थंड असतानाच रोध नोंदवा, जोडणी जराशी ढिली झाली की वाचन चुकलं. एवढा उपद्व्याप सोसणारे थोडेच. बहुतेकांनी कॉइलवरचा पट्टा वाचून खालच्या टोकाला सुरुवात करणं पसंत केलं.

२०१५ मध्ये जूल या अमेरिकी ई-सिगारेटने निकोटिन सॉल्ट आणलं आणि वारं फिरलं. आम्लाने घशाला सौम्य केलेलं निकोटिन, अमेरिकेत मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमपर्यंत. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमात मर्यादा २० ची आहे. एवढ्या कडक द्रवाला छोटा पॉड (द्रवाची कुपी बसवलेली लहान ई-सिगारेट) आणि थोडीशी शक्ती पुरते. आजचे बरेच पॉड कॉइलचा रोध वाचून वॅट स्वतःच ठरवतात. हाताने आकडा लावणाऱ्यांनी मात्र द्रवाची बाटली पाहायलाच हवी. शक्ती वाढली की प्रत्येक झुरक्यात जास्त द्रव उडतो आणि निकोटिनही त्याच प्रमाणात वाढतं. म्हणूनच मोठ्या वॅटच्या यंत्रांबरोबर ३ किंवा ६ मिलिग्रॅमचे द्रव रूढ झाले. पॉडसाठी केलेला २० मिलिग्रॅमचा सॉल्ट ६० वॅटच्या कॉइलमध्ये भरला, तर काही झुरक्यांतच मळमळ आणि चक्कर येऊ शकते.