भिंतीआधीचा किल्ला : विंडोलांडाची पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमध्ये, नॉर्थम्बरलँडच्या टेकड्यांवरून रोमन सम्राट हेड्रियनची सरहद्दीची भिंत जाते. लोक येतात ते मुख्यतः ती भिंत बघायला. भिंतीच्या दक्षिणेला दीडेक किलोमीटरवर विंडोलांडा हा किल्ला आहे. भिंतीचं काम सुरू झालं इ.स. १२२ च्या सुमारास. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं या जागी रोमन शिबंदी राहत होती. रोमची ही सरहद्द समजून घ्यायची असेल, तर भिंतीच्या दगडांपेक्षा इथल्या चिखलाकडे आधी वळावं, असं माझं मत आहे.

सरहद्द इथेच का आली? इ.स. ८३ च्या सुमारास ब्रिटनचा रोमन सुभेदार अग्रिकोला याने स्कॉटलंडमध्ये मोठी लढाई जिंकली होती. पण डॅन्यूब नदीकडे युद्ध पेटलं, तिकडे सैन्य हवं झालं, आणि जिंकलेला मुलूख राखायला माणसं उरली नाहीत. फौज हळूहळू मागे आली आणि टाइन नदी ते सॉलवेची खाडी या चिंचोळ्या पट्ट्यात थांबली. तिथे कॉर्ब्रिज ते कार्लाइल असा पूर्व-पश्चिम रस्ता होता. त्या रस्त्यावरच्या ठाण्यांपैकी एक म्हणजे विंडोलांडा. पहिला किल्ला इ.स. ८५ च्या आसपास उभा राहिला, तोही लाकडाचा.

शिबंदी रोम शहरातली नव्हती, इटलीतलीही नव्हती. आधी तुंग्रियन पलटण होती, आजच्या बेल्जियममधली. मग बटेव्हियन आले, ऱ्हाईन नदीच्या मुखाकडचे. याच बटेव्हियनांनी इ.स. ६९-७० मध्ये रोमविरुद्ध बंड केलं होतं. त्यांची पुढची पिढी रोमची सरहद्द राखत होती. पंचवीस वर्षं चाकरी केली की नागरिकत्व मिळे, हे त्यांच्यासाठी मोठं आमिष होतं.

पलटण बदलली की किल्लाही बदले. लाकडी खांब जमिनीत कुजत, मग जुन्या इमारती पाडून, त्यावर माती आणि गवताळ ढेकळं पसरून नवा किल्ला बांधला जाई. एकावर एक असे नऊ किल्ले इथे झाले. खालच्या थरांत पाणी साचलं, हवा पोचलीच नाही, आणि एरवी दहा-वीस वर्षांत मातीमोल होणाऱ्या वस्तू टिकल्या: लाकडी कंगवे, कापडाचे तुकडे, चामड्याचे हजारो जोडे. त्या जोड्यांत लहान मुलांचेही आहेत, तेही खुद्द किल्ल्याच्या आतल्या थरांत. साध्या सैनिकाला कायद्याने लग्न करता येत नव्हतं, त्या काळातले हे जोडे. तटाच्या आत फक्त पुरुष राहत, ही जुनी समजूत त्या चिमुकल्या तळव्यांनी खोडून काढली.

१९७३ च्या मार्चमध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली इथे चर खणत असताना त्यांना एकमेकींना चिकटलेल्या पातळ लाकडी चकत्या सापडल्या. उलगडल्यावर आत शाईची अक्षरं दिसली, आणि हवा लागताच ती काळवंडून गेली. शेवटी इन्फ्रारेड छायाचित्रांत मजकूर उमटला. ॲलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या अभ्यासकांनी ती घाईची, मोडकी-तोडकी वळणं चिकाटीने वाचली. पोस्टकार्डाएवढ्या आणि एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या या पट्ट्यांवर किल्ल्याचा रोजचा कारभार आहे.

त्यातला एक हजेरीपट बघा. तारीख १८ मे. तुंग्रियन पलटणीत एकूण माणसं ७५२. पैकी ४५६ बाहेर, त्यातली ३३७ एकट्या कोरिया, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिजच्या ठाण्यावर. किल्ल्यात उरली २९६. त्यात आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. धडधाकट २६५, आणि सहा सेंच्युरियनांपैकी, म्हणजे तुकडीच्या नायकांपैकी, जागेवर एकच. साम्राज्याच्या टोकावरचा किल्ला निम्म्याहून जास्त रिकामा होता, आणि कारकुनाने ते जसंच्या तसं लिहून ठेवलं.

ऑक्टाव्हियस नावाचा माणूस धान्य आणि कातड्यांचा व्यवहार करतो. पैसे लवकर पाठव, नाहीतर दिलेला इसार बुडेल आणि माझी लाज जाईल, असं तो लिहितो. कातडी आणायला गेलोच असतो, पण रस्ते खराब आहेत, हेही सांगतो. दुसऱ्या एका हिशेबात गॅम्बॅक्स या माणसाच्या नावावर दोन दिनारांची मिरी आहे. मिरी तेव्हा मलबारातून येई, जहाजाने तांबड्या समुद्रापर्यंत आणि तिथून इजिप्तमार्गे पुढे. त्या ओल्या, थंड टेकडीवर ती मिरी पोचली होती, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

सगळ्यात जवळचं वाटतं ते क्लॉडिया सेव्हेराचं पत्र, इ.स. १०० च्या सुमाराचं. ती शेजारच्या ठाण्यावरच्या अधिकाऱ्याची बायको. विंडोलांडाचा बटेव्हियन प्रमुख सेरियालिस याची बायको लेपिडिना हिला ती ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाने सफाईने लिहिलाय. शेवटच्या ओळी मात्र वेगळ्या, जराशा अडखळत्या अक्षरात आहेत: मी वाट बघीन, बहिणी. बाईच्या हातचं याहून जुनं लॅटिन लिखाण आजवर क्वचितच कुठे सापडलंय.

इ.स. १०५ च्या सुमारास बटेव्हियनांना डॅन्यूबकडे जायचा हुकूम आला. निघताना त्यांनी दप्तराची होळी केली. ती पुरती पेटली नाही, आणि अर्धवट जळलेल्या त्या ढिगातून बरीच पत्रं वाचली.

पुढे किल्ला दगडाचा झाला आणि तिसऱ्या शतकात गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडची, पलटण आली. पश्चिम दरवाजाबाहेर रस्त्याच्या दुतर्फा घरं, दुकानं आणि स्नानगृह असलेली वस्ती भरभराटली. १९१४ मध्ये सापडलेल्या व्हल्कन या अग्निदेवाच्या वेदीवर 'विंडोलांडाचे ग्रामस्थ' असा उल्लेख आहे. गावाचं नाव पक्कं झालं ते त्या लेखामुळे. ही वस्ती तिसरं शतक संपायच्या आतच ओस पडली, पण किल्ला राहता राहिला. ४१० च्या सुमारास ब्रिटनवरची रोमची सत्ता संपल्यानंतरही लोक इथे होते, हे ब्रिगोमाग्लोस नावाच्या माणसाच्या ख्रिस्ती थडग्याच्या दगडावरून कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँथनी हेडली या पाद्र्याने इथे खणायला सुरुवात केली आणि शेजारी घरही बांधलं. १९२९ मध्ये रॉबिन यांचे वडील एरिक बर्ली यांनी जागा विकत घेतली, आणि १९७० पासून एक विश्वस्त संस्था काम बघते. दर उन्हाळ्यात स्वयंसेवक येतात आणि गुडघाभर चिखलात उभे राहून खणतात. आता काळजी त्या चिखलाचीच आहे. जवळच्या मॅग्ना किल्ल्यावर दलदल सुकत चालली आहे. ओल गेली की हवा आत शिरते आणि लाकूड-चामडं कुजायला लागतं. म्हणून मॅग्नात २०२३ पासून खोदकाम सुरू झालंय, आणि जमिनीत किती ओल उरलीय हे उपकरणांनी सतत मोजलं जातंय.