ढिगारा रचण्यापूर्वी वाचा : कोळसा खाणीतला टाकाऊ माल आणि जमीन पूर्ववत करण्याचं काम

खाण संपत आली की आम्हाला बोलावणं येतं. "ढिगारे सारखे करा, वर झाडं लावून द्या." काम आम्ही घेतो, पण तोवर बरंचसं बिघडलेलं असतं. जमीन पुढे कशी होणार, हे वरची माती उचलली जाते त्या दिवसापासूनच ठरू लागतं. म्हणून हे पत्रक खाण सुरू करणाऱ्यांच्याही हाती पडावं, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

वरची माती म्हणजे बहुतेक ठिकाणी 15 ते 30 सेंटीमीटरचा थर. बी, बुरशी, जिवाणू, गांडुळं सगळं त्यातच. ती वेगळी काढा आणि वेगळीच ठेवा. ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच नको, कारण आत हवा पोचत नाही आणि माती हळूहळू निर्जीव होते. साठवायचीच असेल तर वर गवत पेरा. त्याहून बरं म्हणजे साठवूच नका. इकडे निघालेली माती तयार झालेल्या भागावर लगेच पसरा.

मातीखालचा आणि कोळशावरचा खडक, म्हणजे ओबी (ओव्हरबर्डन), फुटला की साधारण 20 ते 30 टक्के फुगतो. त्यामुळे कोळसा बाहेर गेला तरी खड्ड्यात सगळा ओबी मावेलच असं नाही. उरलेला कुठे जाणार, ते आधीच ठरवा.

खरी अडचण काळ्या शेलची, म्हणजे पापुद्र्यांनी सुटणाऱ्या चिखली खडकाची. ताजा तुकडा उन्हात धरला की पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) सोनेरी कण चमकतात. तोच तुकडा काही महिने उघड्यावर पडू द्या: त्यावर पिवळट-पांढरा थर येतो, हातात तो भुसभुशीत लागतो आणि खालून झिरपणारं पाणी तांबूस-नारिंगी होतं. पायराइटला हवा आणि पाणी मिळून गंधकाम्ल तयार होतं, ते हे. एकदा सुरू झालेली ही क्रिया वर्षानुवर्षं चालते. 1000 टन मालात पायराइटमधलं गंधक 1 टक्का असेल, तर ते आम्ल मारायला हिशेबाने 31.25 टन कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडीतला मुख्य घटक) लागतं. म्हणूनच नमुने तपासल्याशिवाय चुनखडीचा आकडा आम्ही कोणालाही सांगत नाही. असा माल पाण्याच्या वाटेपासून दूर, ढिगाऱ्याच्या पोटात ठेवून चिकणमातीने झाकायचा.

वॉशरीचा रिजेक्ट, म्हणजे कोळसा धुताना बाजूला काढलेला टाकाऊ माल, आणि कोळसामिश्रित माल पेटतो, तोही आपोआप. उंचावरून ओतला की मोठे दगड घरंगळत पायथ्याशी जातात, त्यांच्या फटींतून हवा आत शिरते आणि ढिगारा धुराड्यासारखा ओढू लागतो. थंड सकाळी त्यातून वाफ निघताना दिसते, गंधकाचा वास येतो. तेव्हा नुसतं पाणी मारू नका. आत वाफ कोंडून स्फोट होऊ शकतो. पातळ थर पसरून दाबणं, हा उपाय आधीच करायचा असतो.

ढिगाऱ्याची जागा बघायला गेलो की आम्ही सगळ्यात आधी झरे शोधतो. वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर 21 ऑक्टोबर 1966 रोजी कोळसा खाणीचा सात नंबरचा ढिगारा घसरला, तो झऱ्यावर रचलेला होता. 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं होती. मोकळा टाकलेला ओबी साधारण 37 अंशांच्या उताराला थांबतो, पण थांबला म्हणजे तो टिकेलच असं नाही. उतार मंद करणं, टप्पे पाडणं, टप्प्यावरचं पाणी आतल्या बाजूच्या नालीत घेणं, पायथ्याशी भिंत आणि पुढे गाळ बसायला तळं, हे सगळं आमच्या आराखड्यात असतंच.

आता एक गोष्ट, जिच्यावरून ग्राहकांशी आमचा वाद होतो. ढिगाऱ्याचं पोट दाबून भरायचं, पण वरचा शेवटचा सव्वा मीटर सैल ठेवायचा. डम्पर-डोझरच्या फेऱ्यांनी गुळगुळीत केलेल्या एका जागेवर आम्ही वाळलेलं रोप उपटून पाहिलं. मुळं खड्ड्याच्या आतच गोल फिरली होती, कुंडीत वाढल्यासारखी. बाहेर शिरायला वावच नव्हता. म्हणून आमचं काम ओबडधोबड दिसतं. त्या खाचखळग्यांत पाणी आणि बी थांबतं. कृपया त्यावर पुन्हा डोझर फिरवू नका. आधी विरळ गवत आणि हवेतला नत्र धरणाऱ्या शेंगावर्गातल्या वनस्पती, मग झाडं. दाट गवत पेरलं तर ते रोपांचंच पाणी ओढतं.

नुसती लागवड करून देण्याचं काम आम्ही घेत नाही. माती आणि ओबीची तपासणी सोबत असावीच लागते, आणि पुढची तीन वर्षं मेलेल्या रोपांची मोजणी व भरपाईची लागवडही. पहिल्या भेटीला बोअरच्या नोंदी, जुने नकाशे, आसपासच्या पाण्याच्या तपासण्या आणि त्या जमिनीवर पुढे शेती हवी की जंगल, एवढं ठरवून ठेवा.