कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमार्गे सायकॉलॉजी: ट्रान्सफरची पात्रता, कागदपत्रं आणि तारखा

कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपले निम्मे नातेवाईक नाक मुरडतात, आणि सायकॉलॉजी म्हटलं की उरलेले. दोघांनाही मुरडू द्या. कॅलिफोर्नियात पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन विद्यापीठात, हा 'ट्रान्सफर'चा सरकारने आखून दिलेला रस्ता आहे, आणि डिग्रीवर नाव विद्यापीठाचंच येतं. इथल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे (युनिट म्हणजे क्रेडिट, कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. पंधरा युनिटचं सेमिस्टर म्हणजे ६९० डॉलर, पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. डी अँझा, फूटहिलसारखी कॉलेजं क्वार्टर पद्धतीवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांवर, चालतात. तिथे युनिटचा दर कमी आणि युनिटं जास्त, हिशेब साधारण तिथेच येतो.

प्रवेशाला अट जवळजवळ नाही. बारावी किंवा हायस्कूल झालेलं असावं, किंवा वय १८ पूर्ण असावं. एसएटी लागत नाही. 'सीसीसी अप्लाय' या पोर्टलवर फुकट अर्ज भरायचा. त्यात शिक्षणाचे प्रश्न थोडे आणि रहिवासाचे जास्त असतात. ते घाईत भरू नका, फी त्यावरच ठरते.

रहिवासी कोण?

सेमिस्टर सुरू होण्याआधी किमान एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहिलेला आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवू शकणारा. पुरावा म्हणून राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचा करार चालतो. विद्यार्थी १९ वर्षांखालचा आणि अविवाहित असेल तर सहसा आईवडिलांचा रहिवास बघतात. आपल्या लोकांचा गोंधळ होतो तो व्हिसावर. एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) असलेली व्यक्ती शिकू शकते आणि वर्षभरानंतर रहिवासीही ठरू शकते. एफ-१ वाल्याला (विद्यार्थी व्हिसा) ती सोय नाही. तो कितीही वर्षं राहिला तरी अनिवासी फी भरतो, आणि ती युनिटमागे शेकड्यांत जाते. एच-४ वरच्या मुलामुलींचं २१ वं वर्ष जवळ येत असेल तर (त्यानंतर एच-४ टिकत नाही) कॉलेज निवडण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या.

महाराष्ट्रातून थेट एफ-१ वर येणाऱ्यांना कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. पासपोर्ट, दहावी-बारावीच्या मार्कशीट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि वर्षभराचा खर्च झेपेल एवढी शिल्लक दाखवणारं बँकेचं पत्र, एवढं झालं की आय-२० (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा फॉर्म) मिळतो. दर सेमिस्टरला किमान १२ युनिटं घ्यावीच लागतात. पण गणित मांडून बघा: चार सेमिस्टर गुणिले १२ म्हणजे ४८, आणि ट्रान्सफरला हवीत ६०. म्हणजे एकतर १५-१५ घ्या, नाहीतर उन्हाळी सत्र धरा.

विषय उलट्या बाजूने ठरवा

खरी मेख इथे आहे. आधी विद्यापीठ बघायचं, मग कॉलेजातले कोर्स. 'असिस्ट' ही सरकारी वेबसाइट उघडा, आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि सायकॉलॉजी निवडा. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला कोर्स दिसतो, उजवीकडे त्याच्या तोडीचा तुमच्या कॉलेजातला. उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं तर तुमच्या कॉलेजात तो कोर्स नाही. कदाचित शेजारच्या कॉलेजात असेल, तिथे एकच विषय घेता येतो. हे काम पहिल्या आठवड्यात करा. दुसऱ्या वर्षी केलं तर फक्त हळहळ वाटते.

सायकॉलॉजीत बहुतेक ठिकाणी तीन कोर्स लागतातच: इंट्रोडक्शन, स्टॅटिस्टिक्स आणि रिसर्च मेथड्स. जोडीला बायोलॉजी किंवा बायोलॉजिकल सायकॉलॉजी. २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणारं सत्र) इंट्रोचा क्रमांक सगळ्या कॉलेजांत 'पीएसवायसी सी१०००' आणि स्टॅटचा 'स्टॅट सी१०००' असा एकच झाला, तेवढा ताप कमी. रिसर्च मेथड्सला मात्र इंट्रो आणि स्टॅट आधी पास झालेले लागतात. "आकड्यांची भीती वाटते म्हणून तर सायकॉलॉजी घेतली" म्हणत स्टॅट पुढे ढकलणारे बरेच असतात. त्यांची रिसर्च मेथड्स शेवटच्या सेमिस्टरात जाऊन पडते, आणि तो वर्ग भरलेला असला की वर्षच लांबतं. पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजी, इंट्रो आणि स्टॅट उरकून टाका.

बाकी सामान्य विषयांसाठी 'कॅल-गेटसी' हा साचा आहे: ११ कोर्स, ३४ युनिटं, प्रत्येकात किमान सी. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या राज्याच्या दोन्ही विद्यापीठसमूहांत तो चालतो. काउन्सेलरकडून एज्युकेशन प्लॅन लेखी घ्या, पण 'असिस्ट'शी स्वतः ताडून बघा.

यूसी आणि सीएसयू

दोन्हीकडे ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, जायला ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिटं लागतात. यूसीसाठी रहिवाशाला किमान २.४ जीपीए (ग्रेडची सरासरी, चारपैकी), अनिवाशाला २.८. सीएसयूला तेच २.० आणि २.४. हे उंबरठ्याचे आकडे आहेत. बर्कली किंवा लॉस एंजेलिसचं सायकॉलॉजी २.४ वर मिळेल या भ्रमात राहू नका.

सीएसयूकडे जायचं तर 'एए-टी इन सायकॉलॉजी' ही असोसिएट डिग्री घ्या. ती असली की सीएसयूत कुठेतरी जागा नक्की. 'कुठेतरी' हा शब्द महत्त्वाचा, कारण सॅन डिएगो स्टेट किंवा लाँग बीचची हमी त्यात नाही. यूसीत 'टॅग' नावाची हमी मिळते: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ यांपैकी एकाच ठिकाणी. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आणि दरवर्षी बदलतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत.

पुण्या-मुंबईत बीए किंवा बीकॉम करून इथे आलेल्या अनेकजणींना पुन्हा पदवी घ्यावीशी वाटते. दुसऱ्या बॅचलरसाठी यूसीची दारं फारशी उघडी नाहीत. समुपदेशक व्हायचं असेल तर इथे परवान्याला मास्टर्स लागतेच, तेव्हा कम्युनिटी कॉलेजातून फक्त मास्टर्सला लागणारे पूर्वविषय करा आणि थेट तिकडे अर्ज करा.

तारखा

टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर. यूसी आणि सीएसयूचे मुख्य अर्ज १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, शनिवार-रविवार आला की एक-दोन दिवस पुढे. यूसीच्या अर्जात चार छोटे लेख लिहावे लागतात. शिफारसपत्रं किंवा गुणपत्रकं तेव्हा लागत नाहीत, ग्रेड तुम्हीच भरायच्या. भारतात कुठल्या कॉलेजात एखादं वर्ष काढलं असेल, नापास झाला असाल तरी, ते लिहा. लपवलेलं उघडकीला आलं तर प्रवेश जातो. आर्थिक मदत हवी असेल त्या नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनी फाफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) २ मार्चच्या आत भरावा.

जानेवारीत यूसीला ताज्या ग्रेड कळवायच्या. निकाल एप्रिलअखेरपर्यंत, होकार १ जूनपर्यंत, अंतिम ट्रान्स्क्रिप्ट १ जुलैपर्यंत. या मधल्या काळात अर्जात लिहिलेला स्प्रिंगचा (जानेवारीनंतरच्या सत्राचा) एखादा कोर्स परस्पर सोडू नका. सोडायचाच असेल तर आधी विद्यापीठाला कळवा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या.