खुणा जागेवर बसत नाहीत? आधी कॅलिब्रेशन करा
(आमचा ऑगमेंटेड रिअॅलिटी लॅपरोस्कोपी ट्रेनर, म्हणजे कॅमेऱ्याच्या खऱ्या चित्रावर संगणकाच्या खुणा दाखवणारा, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाचा डबा, वापरणाऱ्या सर्जरी विभागांसाठी आणि स्किल लॅबसाठी)

आमच्या मिरजेच्या कार्यशाळेत येणारे बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात: "पडद्यावरची हिरवी वर्तुळं सरकली आहेत, सॉफ्टवेअर बिघडलंय." आमचा माणूस येऊन पाहतो तेव्हा सॉफ्टवेअर ठीक असतं. कुणीतरी कॅमेरा हलवलेला असतो किंवा फोकसची रिंग फिरवलेली असते, आणि त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नवी स्थिती सॉफ्टवेअरला शिकवणं, झालेलं नसतं. आमचा माणूस पोहोचेपर्यंत मात्र रेसिडेंटचा (शिकाऊ सर्जनचा) सराव बंद राहतो. तो राहू नये म्हणून हे पत्रक.

आपल्या ट्रेनरमध्ये डबा, पोर्ट (हत्यारं आणि कॅमेरा आत घालायची भोकं), मेरीलँड (वाकड्या टोकाचा चिमटा), नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा), गॉज, सुई-धागा हे सगळं खरं आहे. संगणक फक्त कॅमेऱ्याच्या चित्रावर खुणा काढतो आणि हत्यारांच्या टोकांवर नजर ठेवतो. चौकटींचं कार्ड दाखवून आपण कॅलिब्रेशन करतो, तेव्हा कॅमेरा कुठे आहे, कोणत्या कोनात आहे आणि त्याचं भिंग चित्र कडेला किती वाकवते, एवढं सॉफ्टवेअर शिकतं. पुढचं सगळं गणित त्यावर उभं असतं. कॅमेरा १५ सेंटिमीटरवर असेल आणि १ अंशाने कलला, तर खूण सुमारे अडीच मिलिमीटर सरकते. पेग ट्रान्सफरमध्ये (छोट्या वस्तू एका खुंटीवरून दुसरीवर नेण्याच्या व्यायामात) हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण आतल्या आत टाका घालताना सुई ठरलेल्या ठिपक्यांपासून किती मिलिमीटर चुकली यावर गुण ठरतात, तिथे अडीच मिलिमीटर फार झाले.

फोकसची रिंग त्याहून फसवी. ती फिरवली की चित्र आणखी स्पष्ट दिसतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण हत्याराच्या टोकाजवळची रंगीत पट्टी चित्रात किती रुंद दिसते त्यावरून सॉफ्टवेअर टोकाची खोली काढतं. रिंग फिरली की तो हिशेब बदलतो आणि हत्याराने कापलेलं अंतर कमी-जास्त दिसायला लागतं. हात तेच, आकडे वेगळे. (ही पट्टी ओल्या कापडाने पुसावी. स्पिरिटने तिचा रंग उतरतो.)

म्हणून कॅमेरा काढला, पोर्ट बदलला, डबा टेबलावरून हलवला किंवा रिंगला हात लागला, की कॅलिब्रेशन पुन्हा करा. कार्ड सपाट धरा आणि पडद्याच्या मध्यावर, चारही कोपऱ्यांत, थोडं जवळ आणि थोडं लांब असं दाखवा. मग तपासणीचा पॅड ठेवून हत्याराचं टोक प्रत्येक पिनवर टेकवा. वर्तुळ टोकावर बसलं तर झालं. इथे एक चूक आम्ही वारंवार पाहतो. अनेक जण फक्त मधली पिन तपासतात. भिंगाचा दोष मध्यभागी जवळजवळ दिसतच नाही, तो कोपऱ्यांत दिसतो. चारही कोपरे तपासल्याशिवाय "बरोबर आहे" म्हणू नका. दिवसाची पहिली बॅच येण्याआधी लॅबच्या टेक्निशियनने हे करून घेतलं की पुढे दिवसभर अडचण येत नाही.

"हे मशीनने आपोआप का करू नये?" असं बरेच सर विचारतात. डब्याच्या तळाला कायमच्या खुणा छापल्या असत्या, तर कॅमेरा हलला हे सॉफ्टवेअरला लगेच कळलं असतं. त्या आम्ही मुद्दाम छापलेल्या नाहीत. पोटात अशा खुणा नसतात, आणि शिकणाऱ्याची नजर नकळत त्यांचाच आधार घ्यायला लागते. कॅमेरा पक्का बसवून टाकला नाही, यामागेही असंच कारण आहे. पोर्टची जागा बदलली की हातांचा कोन कसा बदलतो हे रेसिडेंटला डब्यावरच कळायला हवं, ऑपरेशन थिएटरमध्ये नव्हे.

आकडे खरे असण्याबद्दल आम्ही इतके आग्रही का आहोत, तेही सांगतो. येल विद्यापीठात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ रेसिडेंट होते. त्यातल्या निम्म्यांनी आधी सिम्युलेटरवर सराव केला. पुढे खऱ्या रुग्णाचं पित्ताशय सोडवताना ते २९ टक्के लवकर मोकळे झाले, आणि सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. तो सिम्युलेटर पूर्ण आभासी होता, आपला तसा नाही. आमच्या मते खऱ्या सुईचा आणि धाग्याचा ताण हाताला कळणं ही आपल्या ट्रेनरची जमेची बाजू आहे. पण त्या अभ्यासातली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे सराव ठरावीक तास झाले म्हणून थांबवला नव्हता. अनुभवी सर्जननी गाठलेली पातळी रेसिडेंटने गाठली, तेव्हा थांबवला होता. आपल्या विभागातही आधी सिनिअर सरांनी सगळे व्यायाम करून तो आकडा ठरवावा, अशी आमची विनंती असते. आणि त्या दिवशीचं कॅलिब्रेशन चुकीचं असेल, तर पूर्ण बॅच चुकीच्या मापाने मोजली जाते.

पडद्यावरच्या मार्गरेषा कायम चालू ठेवू नका. हात बसला की त्या बंद करून तोच व्यायाम करायला लावा. रेषा गेल्यावर गुण एकदम घसरले, तर तो रेसिडेंट अजून रेषेमागेच चालतोय असं समजा. त्या बंद करायचं बटण सेटिंगमध्ये आहे आणि रेषांशिवायचे गुण वेगळे साठवले जातात.

एवढं करूनही खुणा सरकत असतील, तर चार कोपऱ्यांच्या तपासणीचा छोटा व्हिडिओ काढून आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. बिघाड आमच्याकडचा असेल तर वॉरंटीच्या काळात येण्याचे पैसे घेत नाही. नुसतं कॅलिब्रेशन करायला बोलावल्यास प्रवासखर्च घेतो, कारण ते काम फोनवरून शिकवायला आम्ही कधीही तयार असतो. कार्ड वाकलं किंवा त्यावर डाग पडला तर ते वापरू नका, नवीन कार्ड आम्ही विनामूल्य पाठवतो. वार्षिक देखभाल करार घेतलेल्या विभागांना रंगीत पट्ट्या आणि टाक्यांचे पॅडही त्यातच मिळतात. नवीन बॅच रुजू होण्याच्या आठवड्यात आमचा माणूस येऊन टेक्निशियनकडून कॅलिब्रेशन करून घेतो. त्यासाठी तारीख मात्र थोडी आधी कळवा.